साठ-सत्तर अंशांतही डीएनए कापणारं प्रथिन: जिओकॅस-9 समजून घेताना

क्रिस्पर ही डीएनए हव्या त्या जागी कापून जनुक बदलण्याची पद्धत. तिच्यातलं जिओकॅस-9 हे उष्णता सोसणारं प्रथिन म्हटलं की मराठवाड्यातल्या वाचकाचं मन आधी शेताकडे जातं. ऑगस्टमध्ये पावसाने ताण दिला तरी माना न टाकणारं सोयाबीन यातून मिळेल का, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर ‘नाही’ असं आहे आणि ते सुरुवातीलाच दिलेलं बरं. उष्णता सोसण्याचा गुण प्रथिनाचा आहे, पिकाचा नव्हे. पिकात कोणता गुण येणार हे कोणत्या जनुकात बदल केला यावर ठरतं. बदल करणारं प्रथिन 40 अंशांत टिकतं की 70 अंशांत, याचा त्याच्याशी संबंध नाही. शिवाय ऊतीसंवर्धनाच्या खोलीत रोपं 25 ते 28 अंशांवर वाढतात. तिथे हा गुण वापरला जाण्याचा प्रश्नच येत नाही.

मग या प्रथिनाचा एवढा अभ्यास का होतो? कारण प्रयोगशाळेतलं शुद्धीकरण, रोगनिदानाच्या चाचण्या, उष्ण वातावरणातल्या जीवाणूंमधले जनुकीय बदल आणि शरीरात औषध म्हणून प्रथिन पोचवणं, या चारही ठिकाणी प्रथिनाचा मजबूतपणा कामी येतो.

मूळ यंत्रणा थोडक्यात अशी. विषाणूचा हल्ला परतवून लावताना जीवाणू त्याच्या डीएनएचे तुकडे स्वतःच्या जीनोममध्ये जपून ठेवतो. त्यावरून छोटे आरएनए बनवतो. कॅस प्रथिन तो आरएनए धरून फिरतं आणि जुळणारा डीएनए दिसला की कापतं. हा आरएनए आपण आपल्याला हवा तसा लिहून देऊ शकतो, हे 2012 मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शारपाँतिए यांच्या गटांनी दाखवलं. 2020 चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघींना मिळालं. त्या आरएनएला आपल्याकडच्या प्रयोगशाळांत सरळ ‘गाइड’ म्हणतात, तोच शब्द इथे वापरला आहे.

सर्वांत जास्त वापरलं जाणारं कॅस-9 स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिसचं, म्हणजे घशाचा संसर्ग करणाऱ्या जीवाणूचं. हा जीवाणू माणसाच्या शरीरात राहतो, त्यामुळे त्याचं प्रथिन 37 अंशांना सरावलेलं असतं. 45 अंशांच्या पुढे त्याची घडी उलगडायला लागते. एकदा उलगडलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि ट्यूब पुन्हा थंड केली तरी ती पूर्ववत होत नाहीत.

जिओकॅस-9 आलं ते जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जीवाणूमधून. डाउडना यांच्या गटाने 2017 मध्ये त्याचं काम प्रसिद्ध केलं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा जीवाणू नवा नाही. ऑटोक्लेव्ह नीट चालतो की नाही हे तपासायला जांभळ्या माध्यमाची जी छोटी कुपी भारासोबत आत ठेवतात, तिच्यात याच जीवाणूचे बीजाणू असतात. फेरी झाल्यावर कुपी 55 ते 60 अंशांवर ठेवायची. रंग जांभळाच राहिला तर निर्जंतुकीकरण झालं, पिवळा झाला तर बीजाणू जगले. पण यावरून त्याचं कॅस-9 सुद्धा 121 अंश सोसतं असा अर्थ काढू नये. बीजाणूचं संरक्षण त्याच्या कोरड्या गाभ्यात आणि जाड आवरणांत असतं. एकट्या प्रथिनाची मर्यादा 70 अंशांच्या आसपास संपते.

त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या वाखनिंगन विद्यापीठातल्या जॉन फान डेर ऊस्ट यांच्या गटाने थर्मोकॅस-9 समोर आणलं. त्याचा जीवाणू जिओबॅसिलस थर्मोडिनायट्रिफिकन्स टी-12, आणि तो सापडला कंपोस्टमध्ये. हे आपल्याकडच्या माणसाला लगेच पटावं. चांगला रचलेला उकिरडा हिवाळ्यात सकाळी उकरला की आतून वाफ निघते. आत 55 ते 65 अंश तापमान सहज असतं आणि तिथे जिओबॅसिलसच्या नात्यातले जीवाणू मजेत वाढतात. नांदेड जिल्ह्यात किनवटकडे उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आहेत, तिथल्या सूक्ष्मजीवांवरही संशोधन झालेलं आहे. नवं कॅस शोधायचं तर अशाच जागा धुंडाळाव्या लागतात. नमुन्यातला सगळा डीएनए वाचायचा, त्यात ठरावीक अंतराने येणाऱ्या पुनरावृत्ती शोधायच्या आणि त्यांच्या शेजारी कॅस जनुकं बसली आहेत का ते पाहायचं. जीवाणू ताटलीत वाढलाच पाहिजे अशी अट नाही.

टिकणं वेगळं, काम करणं वेगळं

इथे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून जरा थांबून पाहू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. जिओकॅस-9 मध्ये ती 1,087 आहेत, स्ट्रेप्टोकॉकसच्या कॅस-9 मध्ये 1,368. माळ विशिष्ट तऱ्हेने घडी होऊन बसली तरच प्रथिन काम करतं. उष्ण जागी राहणाऱ्या जीवाणूंच्या प्रथिनांत ही घडी जास्त घट्ट असते. विरुद्ध विद्युतभाराच्या अमिनो आम्लांच्या जोड्या जास्त, आतला गाभा दाटून भरलेला, बाहेर लोंबणारे फास आखूड. म्हणून 60 अंशांतही घडी विस्कटत नाही.

पण डीएनए कापताना कॅस-9 ला हालचाल करावी लागते. डीएनएची वेटोळी उसवायची, गाइड आत सरकवायचा आणि कापणारा भाग फिरवून जागेवर आणायचा. घट्ट घडीचं प्रथिन कमी तापमानाला ही हालचाल सावकाश करतं. त्यामुळे 37 अंशांत ते टिकेल भरपूर, पण कापेलच जोमाने असं नाही. टिकाऊपणा आणि कामाचा वेग ही दोन वेगळी खाती आहेत, आणि दोन्हींची नोंद वेगळी ठेवावी लागते. माहितीपत्रकात ‘70 अंशांपर्यंत सक्रिय’ लिहिलेलं दिसलं तर 37 अंशांचा आकडा वेगळा शोधा.

दुसरी अडचण मॅग्नेशियमची. ट्यूबमध्ये आपण 5 ते 10 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घालतो. माणसाच्या पेशीत मोकळं मॅग्नेशियम 1 मिलिमोलरहूनही कमी असतं. मूळ जिओकॅस-9 ट्यूबमध्ये झकास कापतं आणि पेशीत पुष्कळ जागांवर मागे पडतं, त्यात या कमतरतेचा मोठा वाटा आहे. यावर उपाय म्हणून डाउडना यांच्याच गटाने प्रथिनात काही अमिनो आम्लं बदलली आणि आयजिओकॅस-9 तयार केलं. कमी मॅग्नेशियममध्येही ते डीएनए चटकन उसवतं. मानवी पेशींमध्ये त्याची संपादनक्षमता मूळ प्रथिनाच्या शंभरपटीहून जास्त भरली. 2024 मध्ये याच गटाने ते गाइडसह मेदाच्या सूक्ष्म कणांत भरून उंदरांच्या यकृतात आणि फुप्फुसांत पोचवून दाखवलं. कणांत भरण्याची प्रक्रिया नाजूक प्रथिनाला मानवत नाही, तिथे घट्ट घडीचा फायदा थेट पदरात पडतो.

तिसरी मर्यादा पॅमची. कॅस-9 कुठेही कापत नाही. लक्ष्याला लागूनच डीएनएच्या अक्षरांची (ए, टी, सी, जी) एक ठरावीक खूण असावी लागते, तिला पॅम म्हणतात. नेहमीच्या कॅस-9 ला एन-जी-जी एवढंच पुरतं, म्हणजे कोणतंही एक अक्षर आणि दोन जी. जिओकॅस-9 ला लक्ष्यानंतर कोणतीही चार अक्षरं आणि मग सी-आर-ए-ए लागतं, इथे आर म्हणजे ए किंवा जी. हिशोब मांडून पाहा. चारही अक्षरं सारख्या प्रमाणात धरली तर एन-जी-जी दोन्ही धागे मिळून सरासरी दर 8 अक्षर-जोड्यांमागे एकदा सापडतं, आणि सी-आर-ए-ए दर 64 जोड्यांमागे. जागा आठपट कमी झाल्या. एखाद्या जनुकात नेमकं एकच अक्षर बदलायचं असेल तर ही अडचण प्रयोग सुरू होण्याआधीच आडवी येते. उलट, लांब पॅममुळे भलत्याच जागी कापण्याची शक्यता थोडी घटते, हीही जमेची बाजू. थर्मोकॅस-9 चा पॅम थोडा सैल आहे.

प्रथिन बनवताना

उष्ण जीवाणूचं प्रथिन बनवायला उष्ण जीवाणू वाढवावा लागत नाही. त्याचं जनुक प्लाझ्मिड या डीएनएच्या छोट्या कड्यात घालून ई. कोलाय बीएल-21 (डीई-3) या प्रयोगशाळेतल्या जीवाणूमध्ये वाढवतात. 37 अंशांवर घुसळत्या इन्क्युबेटरमध्ये वाढ, 600 नॅनोमीटरच्या प्रकाशात गढूळपणाचं वाचन 0.6 ते 0.8 आलं की फ्लास्क बर्फात थंड करायचा, जनुक चालू करणारं आयपीटीजी 0.5 मिलिमोलर घालायचं आणि रात्रभर 16 ते 18 अंशांवर ठेवायचं. प्रथिन उष्णता सोसतं, मग थंडीत का? कारण घडी पडताना घाई झाली तर ई. कोलाय अर्धवट माळांच्या गुठळ्या करून टाकतो. टिकाऊपणा येतो तो घडी पूर्ण झाल्यावर.

इथे मराठवाड्यातल्या उन्हाळ्याचा खरा त्रास होतो. साध्या इन्क्युबेटरमध्ये फक्त तापवण्याची सोय असते, थंड करण्याची नसते. मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत 41 अंश असतील तर तो 37 वर येऊच शकत नाही, पडद्यावर आकडा काहीही सेट करा. मग 18 तर दूरच. शीतकरण असलेला शेकर मिळत नसेल तर प्रथिन बनवण्याचं काम डिसेंबर-जानेवारीत उरकावं, आणि उन्हाळ्यात ट्यूबमधल्या चाचण्या घ्याव्यात.

पेशी फोडायच्या द्रावणात 20 मिलिमोलर हेपेस (पीएच स्थिर ठेवणारं बफर), पीएच 7.5, 500 मिलिमोलर मीठ, 10 टक्के ग्लिसरॉल, 20 मिलिमोलर इमिडाझोल आणि 1 मिलिमोलर टीसेप. मीठ जास्त ठेवण्याचं कारण असं की कॅस-9 वर धनभार असतो आणि ते ई. कोलायच्या डीएनए-आरएनएला घट्ट चिकटतं. मीठ कमी पडलं तर हा मळ शेवटपर्यंत सोबत येतो. पेशी फोडून गाळ काढला की उष्णतेची पायरी. द्रावण 50 ते 55 अंशांवर 20 मिनिटं ठेवायचं. ई. कोलायची बरीचशी प्रथिनं उलगडून पांढरट गाळ होतात आणि जिओकॅस-9 वरच्या पाण्यात राहतं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये 15,000 जी ला (गुरुत्वाच्या 15,000 पट जोराने) 30 मिनिटं फिरवून निवळ उचलायची. पुढच्या शुद्धीकरणाच्या स्तंभावरचं निम्मं काम इथेच हलकं होतं.

ही पायरी सगळं द्रावण पणाला लावून करू नका. आधी 50 मायक्रोलिटरचे चार भाग 45, 50, 55 आणि 60 अंशांवर ठेवा, फिरवा, गाळ आणि निवळ दोन्ही एसडीएस-पेजवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर, चालवा. आपली पट्टी, साधारण 126 किलोडाल्टनची, कोणत्या तापमानापर्यंत निवळीत राहते ते दिसेल. स्तंभावर पकडता यावं म्हणून प्रथिनाला शेपटीसारखा जोडलेला टॅग उष्णता सोसणारा असेलच असं नाही. टॅग उलगडला तर तो जिओकॅस-9 लाही गाळात ओढतो, आणि पट्टीचा आकारही टॅगच्या वजनाने वाढलेला दिसतो.

पुढे निकेल स्तंभ, 300 मिलिमोलर इमिडाझोलने उतरवणं, टॅग कापणं आणि डीएनए-आरएनएचा मळ वेगळा करणारा हेपरिन स्तंभ. हेपरिनची पायरी गाळू नये. शेवटी 260 आणि 280 नॅनोमीटरच्या वाचनांचं गुणोत्तर पाहा. 0.6 च्या आसपास असेल तर प्रथिन स्वच्छ, 1 च्या वर गेलं तर न्यूक्लिइक आम्ल अजून चिकटलेलं आहे आणि कापण्याची चाचणी फसवेल.

साठवताना 10-10 मायक्रोलिटरचे भाग करून उणे 80 अंशांवर. वीज गेली आणि फ्रीजर तीन तास बंद राहिला तर प्रथिन बहुधा वाचेल. गाइड वाचेलच याची खात्री धरू नका. आरएनएला तापमानापेक्षा आपल्या बोटांवरच्या, आरएनए तोडणाऱ्या आरएनेजचा धोका मोठा, आणि प्रथिन कितीही मजबूत असलं तरी गाइड तुटलेला असेल तर काहीही कापलं जाणार नाही.

कापण्याची चाचणी, आणि ती फसते कुठे

20 मायक्रोलिटरच्या अभिक्रियेत प्रथिन 100 नॅनोमोलर, गाइड 150 नॅनोमोलर, डीएनए 10 नॅनोमोलर. वजनात सांगायचं तर प्रथिन सुमारे 0.25 मायक्रोग्रॅम आणि पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीने) बनवलेला 1,000 जोड्यांचा तुकडा 130 नॅनोग्रॅम. प्रथिन दहापट घेण्याचं कारण असं की कॅस-9 कापून झाल्यावर डीएनए सोडत नाही, टोकांना धरून बसतं. एका रेणूने अनेक डीएनए कापण्याची अपेक्षा ठेवू नये. कापण्याची जागा तुकड्याच्या मधोमध नको. 650 आणि 350 असे दोन असमान तुकडे पडतील अशी ठेवली की जेलवर दोन स्पष्ट पट्ट्या दिसतात.

गाइडची लक्ष्याशी जुळणारी लांबी 20 नव्हे, 21 किंवा 22 ठेवावी, जिओकॅस-9 त्या लांबीला जास्त चांगलं कापतं. पॅम गाइडमध्ये लिहायचा नाही. जुन्या सवयीने एन-जी-जी शोधणाऱ्या संकेतस्थळावरून गाइड निवडला, तर पुढचं सगळं बरोबर करूनही जेलवर अख्खा डीएनएच दिसतो.

आधी गाइड मॅग्नेशियम नसलेल्या पाण्यात 2-3 मिनिटं 70 अंशांना तापवून हळू थंड करा, म्हणजे त्याच्या घड्या नीट पडतात. मग प्रथिन आणि बफर घालून 37 अंशांत 10 मिनिटं. हा क्रम उलटवू नये. मॅग्नेशियमच्या सोबतीने नुसता आरएनए 60 अंशांत ठेवला तर तो आपोआप तुटायला लागतो. प्रथिनाच्या पोटात बसलेला गाइड बराच सुरक्षित राहतो. त्यानंतर डीएनए, आणि 37, 50, 60, 70 अंशांवर 30 मिनिटं. बाजूला नेहमीचं कॅस-9 त्याच्या गाइडसह ठेवा. ते 37 ला कापेल आणि 60 ला गप्प बसेल, तरच तुमचं तापमान खरं आहे याचा पुरावा मिळतो. गाइड नसलेली आणि प्रथिन नसलेली ट्यूबही हवीच.

बफर म्हणून ट्रिस घेतलं की घोळ होतो. ट्रिसचा पीएच तापमानासोबत झपाट्याने उतरतो. 25 अंशांना 7.5 ला बसवलेलं ट्रिस 65 अंशांना 6.4 च्या आसपास येतं. हेपेस त्याच तापमानाला 6.9 वर थांबतं. ‘प्रथिन 65 ला काम करत नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी बफरची बाटली पाहा.

बाष्पीभवनही लक्षात असू द्या. 20 मायक्रोलिटर द्रव साध्या हीट ब्लॉकवर 60 अंशांत ठेवला की पाणी झाकणाला जाऊन बसतं आणि मीठ दाट होतं. झाकण तापवणारं पीसीआर यंत्र वापरा, नाहीतर वरून 20 मायक्रोलिटर मिनरल ऑइल घाला.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट अभिक्रिया थांबवताना घडते. नेहमीच्या कॅस-9 साठी 65 अंशांना 10 मिनिटं ठेवून काम बंद करायची सवय असते. जिओकॅस-9 साठी तेवढं तापमान म्हणजे कामाची वेळ. शून्य मिनिटाचा नमुनाही मग कापलेला दिसतो आणि वेगाचा सगळा हिशोब वाया जातो. 25 मिलिमोलर ईडीटीए घालून मॅग्नेशियम काढून घ्या. नंतर प्रथिनं तोडणारं प्रोटिनेज के घालून 55 अंशांवर 15 मिनिटं. प्रोटिनेज के विसरलात तर प्रथिन डीएनएला चिकटून राहतं आणि पट्ट्या जेलमधल्या नमुना भरायच्या खाचेजवळ अडकतात किंवा वर सरकलेल्या दिसतात. उन्हाळ्यात जेल 80 व्होल्टवर आणि फ्रीजमधलं बफर घालून चालवा, नाहीतर पट्ट्या दोन्ही कडांना वाकतात.

मोसंबीच्या पानापासून निदानापर्यंत

पीसीआर यंत्राशिवाय डीएनए वाढवण्याची लॅम्प नावाची पद्धत 60 ते 65 अंशांवर एकाच तापमानात चालते. तिच्यातलं प्रती बनवणारं बीएसटी पॉलिमरेज याच जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचं आहे. मग त्याच ट्यूबमध्ये जिओकॅस-9 घालून निदान का करत नाहीत? कारण कॅस-9 आपलं लक्ष्य कापून थांबतं, बाहेर दिसेल असा इशारा देत नाही. कॅस-12 गटातली प्रथिनं लक्ष्य सापडल्यावर आजूबाजूचे एकेरी डीएनए धागेही कापत सुटतात. त्या धाग्याच्या एका टोकाला चमकणारा आणि दुसऱ्या टोकाला चमक दाबणारा रेणू जोडला, की धागा तुटताच प्रकाश दिसतो.

नेहमीचं कॅस-12ए लॅम्पच्या तापमानाला तग धरत नाही. म्हणून आधी लॅम्प, मग ट्यूब उघडून दुसऱ्या ट्यूबमध्ये कॅस, अशा दोन पायऱ्या कराव्या लागतात. ट्यूब उघडली की अब्जावधी प्रती हवेत उडतात आणि पुढच्या आठवड्यात प्रत्येक नमुना बाधित दिसायला लागतो. अॅलिसायक्लोबॅसिलस अॅसिडिफिलस या जीवाणूचं कॅस-12बी 60 अंशांत काम करतं. 2020 मध्ये अमेरिकेत फेंग झँग आणि सहकाऱ्यांनी तेच वापरून एकाच ट्यूबमध्ये करोनाची चाचणी बसवली.

जालन्याच्या मोसंबी बागांत हीच रचना उपयोगी पडू शकते. ग्रीनिंग रोगाचा जीवाणू ताटलीत वाढत नाही, आणि पानांवरची पिवळी छटा जस्ताच्या कमतरतेसारखीच दिसते. डोळ्यांनी ओळखण्यात चूक ठरलेली. नमुना घेताना पानाची मधली शीर आणि देठ घ्यावा, कारण जीवाणू अन्नवाहिन्यांत राहतो. झाडात तो सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, म्हणून चारही बाजूंच्या फांद्यांवरून पानं घ्यावीत. कडक उन्हाळ्यात त्याचं प्रमाण घटतं, तेव्हा नमुने पावसाळ्यानंतर घेतलेले बरे.

एकाच ट्यूबमध्ये एक ओढाताण कायम राहते. लॅम्प प्रती वाढवतं आणि कॅस-12बी त्याच प्रती कापतं. कॅस जास्त झालं तर वाढच खुंटते आणि कमी बाधित झाड निर्दोष ठरतं. कॅस कमी झालं तर प्रकाश उशिरा येतो. म्हणून कॅसचं प्रमाण पाच-सहा पायऱ्यांत बदलून पाहावं आणि प्रत्येक पायरीला डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेल्या निदान तीन ट्यूब ठेवाव्यात. पाण्याची ट्यूबही चमकली तर आधी धाग्याच्या द्रावणात डीएनए तोडणारं डीएनेज शिरलं आहे का ते तपासावं. लॅम्पची प्राइमरं, म्हणजे प्रती सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, एकमेकांना चिकटून भलतीच वाढ झाली, तर नुसत्या रंगबदलावर चालणाऱ्या चाचणीत ती बाधेसारखी दिसते. गाइडला तिथे जुळणारं काही सापडत नसल्याने कॅस-12बी तिच्यावर चमकत नाही. क्रिस्परचा जादा खर्च करण्याचं मुख्य कारण हेच आहे.